सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायचे कसे

सिंगापूरला जाणाऱ्या मराठी माणसाची जेवणाची सोय आता मुळीच अवघड राहिलेली नाही. लिटल इंडियातल्या सेरंगून रोडच्या दोन्ही बाजूंना डोसा, थाळी आणि पनीरची भाजी सहज मिळते, आणि सहल कंपनीबरोबर गेलात तर रात्रीचा वरण-भातही ठरलेला असतो. दिवसभर चालून दमलेल्या ज्येष्ठांना परमुलखात घरच्या चवीचा घास मिळावा, यात गैर काहीच नाही. मात्र त्याच सेरंगून रोडच्या टोकाला, लिटल इंडिया मेट्रो स्थानकाला लागूनच, टेक्का सेंटर हे हॉकर सेंटर आहे. तळमजल्यावर भाजी-मासळीचा बाजार आणि त्याला खेटून खाण्याच्या स्टॉलांच्या रांगा असलेल्या या इमारतीत सिंगापूरची माणसे रोजचे जेवण जेवतात, आणि आपल्याकडचे बहुतेक प्रवासी दारातून आत डोकावून परत फिरतात. परत फिरण्याचे कारण नावड हे क्वचितच असते. फलकावरची नावे कळत नाहीत, कुठे उभे राहायचे ते उमगत नाही आणि ताटात नेमके काय येईल याची धास्ती वाटते, हेच ते कारण. ही व्यवस्था एकदा समजली की धास्ती बरीचशी ओसरते, म्हणून ती येथे सविस्तर सांगतो.

हॉकर म्हणजे फेरीवाला. एके काळी सिंगापूरच्या रस्त्यांवर, पुलांखाली आणि नदीकाठी हजारो फेरीवाले खांद्यावरच्या कावडीतून किंवा हातगाडीवरून अन्न विकत असत. नळाचे पाणी नाही, खरकटे टाकायला जागा नाही, आणि सगळे सांडपाणी गटारातून नदीत, अशी ती परिस्थिती होती. 1950 साली ब्रिटिश अमदानीतच या प्रश्नावर एक चौकशी आयोग बसला. स्वातंत्र्यानंतर 1968-69 मध्ये बेटावरच्या सर्व फेरीवाल्यांची नोंदणी झाली. आणि 1971 ते 1986 या काळात सरकारने त्यांच्यासाठी छप्पर, नळ, वीज आणि गटारे असलेली केंद्रे, म्हणजेच हॉकर सेंटर, बांधून त्यांना टप्प्याटप्प्याने तेथे हलवले. 1977 साली हाती घेतलेल्या सिंगापूर नदीच्या सफाईचाही या स्थलांतराशी जवळचा संबंध होता. आज अशी 110 हून अधिक केंद्रे आहेत. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. फेरीवाल्यांना हटवायचे की ठेवायचे या वादात आपली शहरे अजून अडकलेली असताना, त्यांना हलवूनही त्यांची चव आणि गिऱ्हाईक दोन्ही टिकवून दाखवणारे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

ताटाकडे वळण्यापूर्वी या इतिहासातली एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. कावडीवर एका वेळी एकच पदार्थ मावत असे. त्यामुळे प्रत्येक फेरीवाला एका पदार्थात तरबेज झाला, आणि पक्क्या छपराखाली आल्यावरही ती सवय कायम राहिली. आपल्याकडच्या हॉटेलात एकाच भटारखान्यातून पावभाजीपासून चायनीजपर्यंत सगळे निघते. हॉकर सेंटरमध्ये मात्र एक स्टॉल म्हणजे एक पदार्थ, किंवा फार तर त्याचे तीन-चार भाऊबंद. म्हणून येथे ‘कोणते हॉटेल चांगले’ हा प्रश्न गैरलागू ठरतो. नारळाच्या दुधातल्या शेवयांचा लक्सा कोणाकडचा आणि कोंबडी-भात कोणाकडचा, असे पदार्थागणिक विचारावे लागते. 2016 साली उत्तम खाद्यगृहांना तारे देणाऱ्या मिशलिन मार्गदर्शिकेची सिंगापूर आवृत्ती पहिल्यांदा निघाली तेव्हा दोन हॉकर स्टॉलना तारा मिळाला. जगभर त्याचे नवल झाले, पण वर्षानुवर्षे एकच पदार्थ रांधणाऱ्या हातांना ती पावती मिळाली यात मला तरी नवल वाटले नाही.

हे तरबेजपण म्हणजे काय ते पाहायचे असेल तर चायनाटाउनजवळच्या मॅक्सवेल फूड सेंटरमध्ये हायनानी कोंबडी-भाताच्या स्टॉलसमोर पाच मिनिटे उभे राहावे. चीनच्या हायनान बेटावरून आलेल्या लोकांनी हा पदार्थ सिंगापुरात रुजवला. अख्खी कोंबडी उकळीच्या जरा खालच्या तापमानावर रश्शात मंद शिजवतात आणि बाहेर काढताच थंडगार पाण्यात बुडवतात, त्यामुळे कातडी घट्ट होते आणि तिच्याखाली पातळ, पारदर्शक थर गोठतो. ती काचेमागे आकड्याला टांगलेली असते. मागणी आली की आचारी ती लाकडाच्या जाड ओंडक्यावर घेतो, रुंद सुऱ्याचे सात-आठ घाव घालतो, सुऱ्याच्याच पात्यावर सगळे तुकडे उचलून भाताच्या बाजूला मांडतो आणि वरून सोया सॉस व तिळाच्या तेलाची धार सोडतो. हाताला विसावा असा नाहीच. खरी करामत मात्र भातात असते. तांदूळ आधी कोंबडीच्या चरबीत आले-लसणाबरोबर परतून मग त्याच रश्शात शिजवतात, आणि त्यात पांदानच्या पानांची गाठ टाकतात. पांदान हे केवड्याच्या कुळातले झाड. त्याच्या पानातले जे सुगंधी द्रव्य आहे तेच बासमती आणि आंबेमोहोर तांदळातही असते, म्हणूनच त्या भाताची पहिली वाफ नाकाशी आली की ओळखीचे कोणीतरी भेटल्यासारखे वाटते.

ओळखीच्या या धाग्याला धरूनच पुढे जावे, असा माझा अनुभव आहे. परक्या देशातला पदार्थ समोर आला की आपण त्याच्या नावाशी आणि रूपाशी अडखळतो, पण त्याच्या बुडाशी काय आहे हे पाहिले तर पुष्कळदा आपलेच स्वयंपाकघर दिसते. मलय स्वयंपाकात ‘रेंपा’ नावाचा एक पाया असतो. रेंपा म्हणजे सरळ सरळ वाटण. सुक्या मिरच्या भिजवून त्यात छोटे लाल कांदे, हळद, गवती चहाचा पांढरा दांडा, आल्याच्या जातीचे गलांगल आणि दाटपणासाठी ‘बुआ केरास’ नावाचे तेलकट बी घालून ते दगडी खलात वाटतात. मग भरपूर तेलात ते इतका वेळ परततात की तेल कडेने सुटू लागते. आपल्या आज्या मालवणी किंवा कोल्हापुरी वाटणाबद्दल ‘तेल सुटेपर्यंत परत’ म्हणून जे बजावत, तीच खूण तेथेही पाळली जाते, आणि त्यामागचे कारणही एकच आहे: वाटणातले पाणी उडून गेल्याशिवाय मसाल्याचा कच्चा वास जात नाही आणि रंग-चव तेलात उतरत नाही.

या रेंपात नारळाचे दूध ओतले, तांदळाच्या जाड शेवया घातल्या आणि वरून कोळंबी, शिंपल्या, फुगलेले टोफूचे तुकडे व लक्साच्या पाल्याची बारीक चिरलेली पाने पेरली की लक्सा तयार होतो. चिनी व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संसारातून जो पेरानाकन समाज उभा राहिला, त्याच्या स्वयंपाकघरातला हा पदार्थ आहे; शेवया चिनी आणि वाटण मलय, हे त्याच्याकडे पाहताच कळते. काटोंग भागातल्या लक्सात शेवया आधीच कापलेल्या असतात, त्यामुळे तो नुसत्या चमच्याने खाता येतो, आणि काड्यांनी खाण्याचा सराव नसलेल्याने सुरुवात येथूनच करावी. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला कोळंबीच्या आमटीत शेवया घातल्यासारखे वाटेल. फक्त कोकमाचा आंबटपणा नसेल आणि त्याऐवजी गवती चहाचा सुगंध येईल.

आणखी एक वास येईल, आणि त्याच्याशी आधीच ओळख करून घेतलेली बरी. बेलाचान या नावाचा हा घटक म्हणजे बारीक जवळा मिठात आंबवून, कुटून, उन्हात वाळवून केलेली गडद वडी. वापरण्यापूर्वी ती भाजतात, तेव्हा अख्ख्या गल्लीला कळते. आपल्याकडे जवळा आणि सोडे वाळवतात पण आंबवत नाहीत, म्हणून आपल्या सुकटीपेक्षा हा वास अधिक उग्र असतो. आंबवण्याच्या क्रियेत कोळंबीतली प्रथिने तुटून त्यांतून ग्लुटामेट मोकळे होते, आणि जिभेला जी भरीव, रेंगाळणारी चव लागते ती त्याचीच असते. ज्याच्या घरी सुकटीची चटणी आवडीने खाल्ली जाते त्याने बेलाचानला बिचकू नये. ज्याच्या घरी ती चालत नाही, त्याने मात्र हे नाव पक्के पाठ करावे, कारण ते कुठेही लपलेले असू शकते.

शाकाहारी प्रवाशाची खरी अडचण येथेच आहे. माझी मावशी माझ्याबरोबर आली होती. ती शुद्ध शाकाहारी असून अंडेही खात नाही. एका केंद्रात तिला हिरवीगार परतलेली पालेभाजी दिसली. ‘कांगकोंग’ म्हणजे आपल्याकडे कोकणात जिला नाळीची भाजी म्हणतात ती. मी स्टॉलवाल्या काकांना ‘नो मीट?’ असे विचारले, त्यांनी हसून ‘नो मीट’ म्हणून सांगितले, आणि ते खरेही होते. मावशीने पहिला घास तोंडाजवळ नेला, थबकली, आणि ताटली माझ्याकडे सरकवत म्हणाली, “अरे, याला जवळ्याचा वास येतोय.” भाजी बेलाचानमध्ये परतलेली होती. काकांनी फसवले नव्हते. माझा प्रश्नच चुकला होता. तेथे मीट म्हणजे डुक्कर, कोंबडी, बकरा. वाळवलेली कोळंबी, माशाचा सॉस, कालवांचा सॉस, कोंबडीचा रस्सा किंवा डुकराची चरबी ही बहुतेकांच्या लेखी मसाल्यात जमा असते, मग अंड्याची तर गोष्टच वेगळी.

म्हणून ‘शाकाहारी आहे का’ एवढेच विचारून थांबू नये. इंग्रजी ही तेथल्या चार राजभाषांपैकी एक आहे आणि साधे इंग्रजी बहुतेक सगळीकडे चालते, तेव्हा घटकाचे नाव घेऊन विचारावे: यात श्रिम्प पेस्ट (म्हणजेच बेलाचान) आहे का, फिश सॉस आहे का, रस्सा कशाचा आहे, तळण कशात केले आहे. वर सांगितलेल्या कोंबडी-भाताच्या स्टॉलवर नुसता भात मागितला तरी तो शाकाहारी नसतो, हे आता वेगळे सांगायला नको. ‘रोजाक’ नावाचे फळांचे काप दिसायला निर्धोक वाटतात, पण त्यांवरचा काळा, गोडसर सॉस कोळंबीचा असतो. लक्सातून कोळंबी काढून टाकली तरी वाटणात ती उरतेच. कोळंबी किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनीही हीच काळजी घ्यावी. साते नावाच्या कबाबांबरोबरची चटणी शेंगदाण्याचीच असते.

मग शाकाहाऱ्याने करायचे काय? अनेक केंद्रांत एखादा तरी चिनी शाकाहारी स्टॉल सापडतो. बौद्ध परंपरेतून आलेल्या या स्टॉलांवर मांस-मासळी नसते, आणि पुष्कळांकडे कांदा-लसूणही वर्ज्य असतो, कारण त्या परंपरेत हे उग्र वासाचे पदार्थ मन विचलित करणारे मानले जातात. जैन कुटुंबांना हे ऐकून बरे वाटेल, पण आले, गाजर, बटाटा ही कंदमुळे तेथे चालतात, तेवढे विचारून घ्यावे. काचेमागे बदकाच्या किंवा डुकराच्या मांसासारखे दिसणारे तुकडे असले तरी ते गव्हातल्या चिकट प्रथिनाचे किंवा सोयाबीनचे असतात. मावशीने त्या स्टॉलवर ‘बी हून’ म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, परतलेली कोबी आणि टोफू घेतला आणि पुढचे तीन दिवस रोज सकाळी तिकडेच गेली. तमिळ मुस्लिमांच्या स्टॉलवरचा ‘रोटी प्राता’ हाही एक आधार आहे. मैद्याचा गोळा तेल लावून हवेत फिरवत पातळ पसरायचा, त्याच्या घड्या घालायच्या आणि तव्यावर खरपूस भाजायचा, असा तो प्रकार. साधा हवा असेल तर ‘प्राता कोसोंग’ म्हणावे; मलय भाषेत कोसोंग म्हणजे रिकामे. सोबतची कालवणे बहुधा मटण किंवा माशाची असतात, म्हणून आधीच डाळ मागून घ्यावी आणि पिठात अंडे आहे का, तेही विचारावे. मांसाहारी मुस्लिम प्रवाशांसाठी हलाल प्रमाणपत्राची चिन्हे लावलेली असतात. ‘नो पोर्क, नो लार्ड’ (डुकराचे मांस नाही, चरबी नाही) अशी पाटी म्हणजे हलालची हमी नव्हे.

प्रत्यक्ष जेवण्याची रीत सोपी आहे, फक्त क्रम उलटा आहे. गर्दीच्या वेळी आधी जागा धरायची आणि मग रांगेत उभे राहायचे. जागा धरण्यासाठी टेबलावर कागदी रुमालाचे पाकीट ठेवतात आणि त्याला ‘चोप’ करणे म्हणतात. या शब्दाचे मूळ शिक्का या अर्थाच्या इंग्रजी ‘चॉप’मध्ये असल्याचे सांगतात, आणि तो शब्द आपल्या ‘छाप’वरून तिकडे गेलेला आहे. कोणाचे पाकीट दिसले तर ते टेबल घेतलेले आहे असे समजावे. बहुतेक स्टॉलवर पैसे आगाऊ द्यायचे असतात. एका ताटलीला साधारण चार ते सहा सिंगापूर डॉलर पडतात, बक्षिसी देण्याची पद्धत नाही आणि थोडी रोकड जवळ असलेली बरी. स्टॉलवाल्यांना अंकल किंवा आंटी म्हणून हाक मारतात, तेव्हा काका-मावशी म्हणण्याची आपली सवय तेथे छान उपयोगी पडते. जेवण झाले की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. सप्टेंबर 2021 पासून हॉकर सेंटरमध्ये हे सक्तीचे झाले असून वारंवार चुकणाऱ्याला दंड होतो. हलाल भांडी परत करण्याची जागा वेगळी असते. पाटी वाचून ट्रे तेथेच ठेवणे हा दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान आहे आणि पाहुण्याने तो कसोशीने राखावा.

तिघे-चौघे असाल तर प्रत्येकाने वेगळी ताटली घेण्यापेक्षा चार स्टॉलवरून चार पदार्थ आणून मध्ये ठेवावेत. त्यामुळे एखादी चव नाही जमली तरी कोणी उपाशी राहत नाही. पोट बिघडण्याच्या भीतीबद्दल एवढेच सांगतो की नळाचे पाणी तेथे पिण्याजोगे आहे, अन्न बहुतेक ठिकाणी डोळ्यांदेखत शिजते, आणि खाद्यगृहांच्या स्वच्छतेला श्रेणी देण्याची पद्धत 1997 पासून चालत आली आहे. त्रास झालाच तर तो बहुधा एकाच बैठकीत नारळाचे दूध, चरबी आणि सांबाल ही तिखट मिरचीची चटणी जास्त पोटात गेल्याने होतो. पहिल्या दिवशी अर्धे पोट रिकामे ठेवावे.

वेळेचे मात्र भान ठेवावे लागते. सकाळचा स्टॉल दुपारी दोनला आवरलेला असतो, संध्याकाळचा पाचशिवाय उघडत नाही, सुट्टीचा वार प्रत्येकाचा वेगळा, आणि नावाजलेल्या ठिकाणी माल संपला की फळी खाली येते. साते खायचे असेल तर लाउ पा सात या जुन्या ओतीव लोखंडी बाजाराशेजारी रात्री जावे. तेथला रस्ता संध्याकाळी वाहनांना बंद होतो आणि कोळशाच्या शेगड्या मांडल्या जातात. हॉकरांचे मध्यक वय साठच्या आसपास आहे. पहाटे तीनला उठून दिवसभर भट्टीसमोर उभे राहण्याचे हे काम पुढची पिढी सहजासहजी स्वीकारत नाही, आणि एक स्टॉल म्हणजे एक पदार्थ या पद्धतीची दुसरी बाजू अशी की ते हात थांबले की ती विशिष्ट चवही थांबते. म्हणून एखादा म्हातारा आचारी अजून उभा दिसला तर त्याच्या रांगेत मी आवर्जून थांबतो.

शेवटी चहा-कॉफीची भाषा, कारण ती येत असेल तर सकाळ सुखाची जाते. कॉफीच्या बिया साखर आणि मार्गारिनबरोबर भाजून तिची दाट कोरी कॉफी कापडी पिशवीतून गाळतात. नुसते ‘कोपी’ म्हटले की आटवलेले गोड दूध घालून मिळते, ‘कोपी-ओ’ म्हणजे साखर घातलेली कोरी, ‘कोपी-सी’ म्हणजे बिनगोडाचे आटीव दूध आणि साखर. त्यापुढे ‘सिउ दाई’ जोडले की गोड कमी, ‘कोसोंग’ म्हटले की साखर अजिबात नाही, ‘गाउ’ म्हणजे कडक, ‘पेंग’ म्हणजे बर्फ घालून. कोपीच्या जागी ‘तेह’ म्हटले की हेच सगळे चहाला लागू होते. मधुमेह असलेल्या मावशीने दुसऱ्याच दिवशी ‘तेह-सी कोसोंग’ पाठ केले. चौथ्या सकाळी ती माझ्याआधीच खाली उतरून टेबलावर बसली होती. समोर दोन वाफाळते पेले होते, आणि माझ्यासाठी काया टोस्टची बशी तिने शेजारच्या स्टॉलवरून आणून ठेवली होती. तिने स्वतः त्याला हात लावला नव्हता, कारण नारळाच्या त्या जॅममध्ये अंडे असते हे तिने आदल्या दिवशीच विचारून घेतले होते.